न पाहिलेल्या घरांवरच्या सह्या

शिरूरपासून दौंडपर्यंतच्या पट्ट्यात असं मोठं गाव सापडणार नाही, जिथल्या पाच-पंचवीस घरांच्या विजेच्या कागदांवर माझी सही नाही. त्यांतली घरं मी पाहिली किती, असं कुणी विचारलं तर दोन्ही हातांची बोटंसुद्धा लागणार नाहीत. हे आता सांगते आहे, कारण आता सांगून कुणाचं काही बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही. ज्यांचं बिघडायचं होतं त्यांचं केव्हाच बिघडलं, आणि ते माझ्या हातून बिघडलं.

नव्या घराला मीटर हवं असेल तर अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट लागतो. परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानं घरी जाऊन वायरिंग तपासायचं, अर्थिंग मोजायचं, आलेले आकडे कागदावर भरायचे आणि खाली सही-शिक्का करायचा, असा नियम आहे. नियम चांगला आहे. भिंतीत गेलेली तार कुणाला दिसत नाही. तेव्हा कुणीतरी जबाबदार माणसानं ती पाहिली आहे, एवढा तरी भरवसा त्या घरात राहणाऱ्याला असावा म्हणून तो केलेला आहे. आमच्याकडं जबाबदार माणूस म्हणजे मी होते, आणि मी स्वयंपाकघरात होते.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, विजेच्या खात्यात. त्यांच्याकडं कागदावर सही झाल्याशिवाय कुणी तारेला हात लावायचा नाही आणि लाइन बंद झालेली स्वतः पाहिल्याशिवाय ते सही करायचे नाहीत. या स्वभावापायी त्यांनी साहेब लोकांशी भांडणं केली, जेवणं थंड केली. मला डिप्लोमाला त्यांनीच घातलं, तेही हट्टानं इलेक्ट्रिकलला. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि दुसरी पहिल्या वर्षीच सोडून गेली. मला ठेकेदाराचा परवाना मिळाला तेव्हा वडिलांनी सगळ्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले. रात्री जेवताना म्हणाले, "सही केली म्हणजे मी डोळ्यानं पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा काही अर्थ काढू नकोस."

लग्न होऊन मी शिरूरला आले. सासरी खाली इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आणि वर घर. यजमान वायर, स्विच, पंखे, मोटारीचे स्टार्टर विकायचे. स्थळ बघताना माझ्या रंगापेक्षा आणि उंचीपेक्षा परवान्याची चौकशी जास्त झाली होती, ते मला तेव्हा मोठं कौतुकाचं वाटलं. लग्नानंतर महिनाभरातच परवाना काचेच्या चौकटीत बसून दुकानात गणपतीच्या शेजारी लागला. त्याला रोज उदबत्ती मिळू लागली, आणि मी पोळ्या लाटू लागले.

सुरुवातीला मी एकदा म्हटलं, मीटरच्या कामाला मी पण जाते. सासूबाई म्हणाल्या, "शिडीवर चढलेली सून गावानं बघायची का?" त्यांच्या त्या एका वाक्याचा मी पुढं वर्षानुवर्षं उपयोग केला. सुरुवातीला मला जाऊ दिलं नाही हे खरं आहे. पण नंतर सासूबाई थकल्या, मग गेल्या, दारात स्कूटी आली, मुलगी शाळेत जाऊ लागली, मला अडवायला कुणी उरलं नाही, तरीही मी गेले नाही. हेही तितकंच खरं आहे आणि त्याचं खापर सासूबाईंवर फोडता येत नाही.

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं गॅलरी होती. भाजीवाली आली की आम्ही गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडायचो. तीच पिशवी टेस्ट रिपोर्टच्या कामाला लागली. मीटरचं गिऱ्हाईक आलं की यजमान खालून हाक मारायचे, मी पिशवी सोडायची, रिपोर्टांचं पॅड वर यायचं. ओट्यावरचं पीठ झटकून मी आकडे भरायचे, सही करायचे, शिक्का मारायचे आणि पॅड पुन्हा पिशवीतून खाली जायचं. गिऱ्हाईकाचा चहा संपायच्या आत काम होई. एकदा एका रिपोर्टाला मेथीचं पान चिकटून गेलं होतं आणि तो तसाच मंजूर झाला.

आकडे मात्र मी उगाच ठोकून देत नसे. डिप्लोमा झालेली बाई होते मी. घोडनदीच्या, भीमेच्या काठच्या गावातली जमीन ओली, तिथं अर्थिंग चांगलं मिळतं, म्हणजे आकडा कमी येतो. तिथं मी दीड-पावणेदोन ओहम लिहायचे. मुरमाड माळावरचं गाव असलं तर अडीच-तीन. सगळीकडं एकच आकडा दिसू नये म्हणून एक पॉइंट आठ, दोन पॉइंट एक, एक पॉइंट नऊ असे फिरवत राहायचे. खोटं लिहायचं तेही अभ्यास करून, याचा मला त्या काळात थोडा अभिमानसुद्धा होता, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दौंडला माहेरी गेले की वडील हटकून विचारायचे, "आता कुठलं घर पाहिलंस?" मी आकड्यांसारखीच घरंही बनवायचे. स्लॅबचं घर, दोन खोल्या, पाठीमागं गोठा, गोठ्यात बल्ब. वडील मान डोलवत ऐकायचे आणि गोठ्यात कुठली वायर वापरली ते विचारायचे. ते गेले तोवर त्यांच्या हिशेबी त्यांची मुलगी तालुकाभर मेगर, म्हणजे वायरिंग तपासायचं यंत्र, घेऊन हिंडत होती.

त्या घरांत प्रत्यक्ष जायचे ते मामा. नात्यानं ते कुणाचे मामा नव्हते. शिरूरच्या बाजारात त्यांना सगळे मामाच म्हणत. इनामगावच्या अलीकडं नदीकाठी त्यांचं गाव, तिथल्या बौद्धवस्तीत घर. शाळा नववीपर्यंत. एका जुन्या लाइनमनच्या हाताखाली शिकले आणि मग आमच्या दुकानाचं सामान जिथं जाईल तिथलं वायरिंग करू लागले. सायकलवर, नंतर जुन्या मोपेडवर, पुढं छिन्नी-हातोड्याची पिशवी आणि मागं एक लाकडी खोका. त्या खोक्यात हातानं फिरवायचा अर्थ टेस्टर होता, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. तालुक्यातल्या परवानेवाल्या किती ठेकेदारांकडं असलं यंत्र होतं मला ठाऊक नाही. माझ्याकडं नव्हतं. मामांकडं परवाना नव्हता.

काम झालं की मामा जमिनीत खिळे ठोकून, टेस्टर फिरवून अर्थिंग खरोखर मोजत. आकडा मनासारखा आला नाही तर अर्थिंगचा खड्डा अजून खोल घ्यायचे, कोळसा-मीठ पुन्हा भरायचे. घरमालक वैतागायचा, कुणी मोजायला सांगितलंय म्हणायचा. काही घरांत भिंत फोडायला मामा चालायचे, चहा मात्र त्यांना बाहेर ओट्यावर मिळायचा. मामा पाणी स्वतःच्या बाटलीतलं पीत. आमच्याकडं त्यांना चहा कपबशीतूनच मिळे, पण तो खाली दुकानात. एवढ्या वर्षांत मी त्यांना वर जेवायला बोलावलं नाही. आणि मी स्वतःला त्या ओटेवाल्यांपेक्षा वेगळी समजत होते.

एका उन्हाळ्यात सणसवाडीहून फोन आला. तिथल्या एका मालकानं भाड्यासाठी ओळीनं खोल्या काढल्या होत्या, कंपन्यांत काम करणारी बाहेरची माणसं त्यांत राहत. सामान आमच्याकडचं, पण वायरिंग मालकाच्या कुणा पाहुण्यानं केलेलं. एका भाडेकरणीनं ओल्या हातानं लोखंडी कूलरला हात लावला आणि ती फेकली गेली. जीव वाचला, हात भाजला. रिपोर्टवर सही माझी होती. अर्थिंग एक पॉइंट नऊ. यजमान फोन ठेवून वर आले आणि हे सांगून खुर्चीत बसले. पण तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार त्या बाईचा आला नाही, परवान्याचा आला.

मामा सणसवाडीला जाऊन आले. संध्याकाळी परत आल्यावर दुकानात पाणी पिऊन सांगू लागले, "अर्थिंगची तार बोर्डातनं भायेर आली आन् भितीत संपली. फुडं काय न्हाईच. कशाला जोडलीच न्हाई." दोन दिवस त्यांनी तिथला मुरूम खणला, नवीन अर्थिंग केलं, सगळ्या खोल्या त्याला जोडल्या, करंट गळला की आपोआप बंद पडणारा ब्रेकर बसवला. मालकाला प्रकरण वाढवायचं नव्हतं, भाडेकरूंना खोली सोडायची नव्हती. कुणी काही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी मामा मला म्हणाले, "ताई, रिपोर्टात येक पॉइंट नऊ लिव्हलंय तुम्ही. आता दोन पॉइंट सात आलंय. मुरमात त्येवढं बी लई हाय." बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी मला नवा आकडा कळवला, एवढंच. भाजलेल्या हाताची ती बाई कशी आहे हे मी त्यांना विचारलं, पण तिला बघायला गेले नाही.

त्यानंतर वर्षभराच्या आत मामा एक अर्ज घेऊन आले.

मामांचा उजवा खांदा धरला होता. वर्षानुवर्षं वायरीसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारून हात डोक्याच्या वर जाईना. सणसवाडीच्या एका कंपनीत देखभालीसाठी वायरमन हवा होता: हातोडा नाही, शिडी कमी, दर महिन्याला पगार, दवाखान्याची सोय. पण वायरमनचा परवाना पाहिजे. अनुभवाच्या जोरावर परीक्षेला बसता येत होतं, आणि परवानाधारक ठेकेदाराकडं इतकी वर्षं काम केल्याचा दाखला जोडावा लागत होता. मामांनी अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला होता, खाडाखोड नाही. दाखल्याचा कागद तेवढा कोरा. अर्ज द्यायला चार दिवस उरले होते. "ताई, तुमची सही झाली की झालं बघा," खालूनच म्हणाले.

अर्ज पिशवीतून वर आला. मी तो वाचला आणि पीठ लागू नये म्हणून फ्रिजवर ठेवला. जेवताना यजमान म्हणाले, "देऊन बसशील, मग अंगाशी येईल. मामा आपल्याकडं इतकी वर्षं होते असं लिहिलं की हजेरीचं मस्टर मागतील. मस्टर नाही, पीएफ नाही. शिवाय बिनपरवान्याच्या माणसाकडून कामं करून घेतली हे आपणच लिहून दिल्यासारखं. सणसवाडी विसरलीस का?" सणसवाडी मी विसरले नव्हते. ती मामांनी निस्तरली हे मात्र दोघांनीही त्या जेवणात काढलं नाही. मी म्हटलं असतं तर यजमानांनी फार ताणलं नसतं, ते तसे हट्टी नाहीत. पण मला त्यांचं म्हणणं सोयीचं वाटलं आणि मी ते माझंच करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले. यजमान मला म्हणाले होते, मी सांगतो. मीच म्हटलं, नको, परवाना माझा आहे, मीच सांगते. बाणेदारपणा दाखवायला मला नेमकी तीच जागा सापडली.

"मामा, तुमचं नाव आपल्या मस्टरवर नाही," मी म्हणाले.

"न्हाईच. मस्टर दुकानानं ठिवायचं आसतंय ना ताई."

"पण नाही ना ठेवलेलं. मग खोटं कसं लिहून देऊ?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. काउंटरवर टेस्ट रिपोर्टचं पॅड पडलं होतं, मी सकाळीच पिशवीतून सोडलेलं. वरच्या कागदावर न्हावऱ्याकडच्या एका घराचं अर्थिंग होतं, दोन पॉइंट एक. ते घर मामांनीच केलं होतं आणि तिथं खरा आकडा किती आला होता हे त्या दुकानात फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी तो कागद वाचला. मला कळलं की त्यांनी तो वाचला.

"व्हय," ते म्हणाले, "खोटं लिव्हू नये."

अर्जाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, दोन बंडल वायर आणि स्क्रूची पुडी घेतली आणि कामावर गेले. शेकड्यांनी खोटे रिपोर्ट लिहिणाऱ्या माझ्या हातानं नाकारला तो एकच कागद, आणि तोच एक खरा होता. तेव्हा हे मला इतकं स्पष्ट दिसलं नाही असं म्हणायचा मोह होतो, पण दिसलं होतं. मी वर येऊन उरलेल्या पोळ्या लाटल्या.

मामा रुसले असते तर बरं झालं असतं. ते येत राहिले, सामान नेत राहिले, मला ताई म्हणत राहिले. परीक्षेचं पुन्हा कधी काढलं नाही.

काही दिवसांनी स्वयंपाकघरातल्या बोर्डातून चर्रचर्र आवाज येऊ लागला. मामांना बोलवायचं तोंड नव्हतं. मी मेन बंद करून स्वतःच बोर्ड उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: आमच्या घराचं वायरिंग नवं केलं त्या दिवसाची तारीख, आणि खाली, अर्थ २.४. नाव नाही, सही नाही. मी कपाटातून घराची फाइल काढली. त्या वायरिंगचा रिपोर्ट मीच लिहिला होता, याच घरात, याच ओट्यावर कागद ठेवून. एक पॉइंट आठ. खिळे ठोकायला मला जिन्यावरून खाली उतरायचं होतं, बाकी काही नाही.

मग मला खूळ लागलं. कासुर्डीला नात्यातल्या एका बारशाला गेले होते; ते घरही मामांचंच काम. बायका पाळण्याभोवती असताना मी चमच्याच्या दांड्यानं आतल्या खोलीतल्या बोर्डाचे स्क्रू काढले. तिथंही तारीख आणि आकडा होता. यजमानीण मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय गं, लाइट गेली का?" मी म्हटलं, नाही, बघत होते. बारशाला आलेली बाई स्विचबोर्ड खोलून बघते, ही गोष्ट त्या घरात अजून सांगतात. शिरूरला पुढं भेट झाली तेव्हा मी मामांना विचारलं, झाकणात का लिहिता? ते म्हणाले, "फुडल्या माणसाला कळाया नगं? त्येनं बोर्ड खोलला तर त्येला म्हाईत पायजे, काय हुतं आन् काय झालं." तालुकाभर पसरलेला खरा टेस्ट रिपोर्ट तो होता. माझे सगळे फायलीत होते.

पुढं काळ बदलला. अर्ज ऑनलाइन झाले, जागेचे फोटो आले, मोबाइलवर ओटीपी येऊ लागला. आमच्या भागात नवीन आलेले साहेब कडक होते. काम केलेल्या वायरमनचा परवाना क्रमांक लिहिल्याशिवाय अर्ज पुढं जाईना. हे सगळं योग्यच होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. यजमानांनी परवाना असलेला एक वायरमन ठेवला. गिऱ्हाईकंही शहाणी झाली, परवाना आहे का विचारू लागली. हे आधीपासून असं असतं आणि मी चार ओळी लिहिल्या असत्या तर मामा त्या नियमाच्या आत असते. नियम कडक झाला तेव्हा बाहेर राहिले ते एकटे मामा. मी आत होते.

मामा शेवटी सणसवाडीलाच लागले, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत, पण हेल्पर म्हणून. रोजंदारीवर, मुकादमामार्फत. एका शनिवारी बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय. ते हसले. "फॉल्ट मी काढतो, रजिस्टरला सही दुसरा करतो. आपल्याला सवयच हाय ताई." एवढं बोलून त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलून वास घेतला आणि भाव विचारला. मी घरी येईपर्यंत रडले नाही, घरी आल्यावर रडले, आणि रडून काय उपयोग म्हणून स्वतःवरच चिडले.

गेल्या वर्षी मामांनी गावी घर बांधलं. दोन खोल्या, पुढं पडवी. मीटरसाठी अर्ज करायचा म्हणून ते दुकानात आले, इतर गिऱ्हाईकांसारखे काउंटरच्या पलीकडं उभे राहिले. यजमानांनी नेहमीप्रमाणे मला हाक मारली. मी पिशवी सोडली नाही. खाली उतरून गेले आणि म्हटलं, "मामा, मी घरी येते तपासायला."

"कशाला ताप घेता ताई," मामा म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "या. च्या घ्याया या."

नियमांमुळं आमच्याकडं आता डिजिटल अर्थ टेस्टर आला होता, वायरमन तो वापरायचा. तो डिकीत टाकून मी निघाले. त्याच्याआधी मी एक काम केलं होतं. अनुभवाचा दाखला टाइप करून घेतला होता, त्या वेळच्या नमुन्याप्रमाणे, वर्षं नीट लिहून, सही-शिक्क्यासह. पन्नाशी ओलांडलेला माणूस आता त्याचं काय करणार, याचा विचार मी केला नव्हता असं नाही. पण पर्समध्ये तो असला की मला हलकं वाटत होतं. म्हणजे तोही मी माझ्यासाठीच केला होता.

घर नदीपासून फार लांब नव्हतं. अर्थिंगच्या खड्ड्यातून निघालेले जुन्या खापरांचे रंगीत तुकडे मामांनी पडवीच्या कठड्यावर ओळीनं मांडून ठेवले होते. त्या भागात फार जुनी वस्ती होऊन गेली, खणलं की निघतातच. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बोर्ड, सगळे स्क्रू एका रेषेत. मी टेस्टर काढला आणि खिळे किती अंतरावर ठोकायचे ते मला आठवेना. डिप्लोमाची परीक्षा दिल्यानंतर मी ते केलंच नव्हतं. मामांनी पावलं मोजत जाऊन दोन जागी दगड ठेवले आणि, "हितं जमीन मऊ हाय," एवढंच म्हणाले. मी तिथं खिळे ठोकले. आकडा आला, एक पॉइंट सहा. आयुष्यात मी मोजलेलं पहिलं घर ते. मामांनी खिशातली पेन्सिल मला दिली आणि म्हणाले, "मोजलं तुम्ही, तर लिव्हा बी तुम्हीच." मी झाकणाच्या आत तारीख आणि आकडा लिहिला.

चहा झाल्यावर मी पर्समधून दाखला काढून त्यांच्या हातात दिला. "मामा, तेव्हाच द्यायला पाहिजे होता. माझं चुकलं." हे वाक्य मी वाटेत बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं होतं.

मामांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून त्यांनी तो सगळा वाचला, स्वतःचं नाव वाचलं, वर्षं वाचली. मामी दारात उभ्या होत्या. एका ओळीवर मामांचं बोट थांबलं.

"हे 'माझ्या देखरेखीखाली' आसं लिव्हलंय."

"नमुन्यात तसंच असतं मामा."

"आसंल. पण तुम्ही आज पयल्यांदा आलाय." ते रागानं बोलत नव्हते. आकड्यातली चूक दाखवावी तसं दाखवत होते. कागदाची घडी जशी होती तशी घालून त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. "ऱ्हाऊ द्या ताई. खोटं कशाला लिव्हायचं."

मी तो पर्समध्ये ठेवला. मामींनी कठड्यावरची दोन खापरं माझ्या मुलीला दाखवायला म्हणून कागदात बांधून दिली. मामांनी उठून बोर्डाचं झाकण बसवलं आणि चारही स्क्रू पिळले.

शिरूरला येऊन मी त्यांचा अर्ज भरला. अर्थिंग एक पॉइंट सहा, हे खरं. काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव, तिथं माझं नाव. वायरमनचा परवाना क्रमांक, तिथं आमच्या वायरमनचा, ज्यानं ते गावही पाहिलेलं नाही. दुसरं काही लिहिलं तर अर्ज पुढं जात नाही आणि मामांना मीटर मिळत नाही. मोबाइलवर ओटीपी आला, तो घातला, अर्ज गेला. मामांच्या हातानं झालेल्या मामांच्या घराच्या त्या कागदावर मामांचं नाव एकाच रकान्यात आहे. त्या रकान्याच्या वर छापलेलं आहे: ग्राहक.